पणजीच्या लग्नातील पटोळ्याचा तुकडा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या कौटुंबिक स्नेहमेळाव्यातील भाषण)



समितीने मला 'घरातील जुना ठेवा' हा विषय दिला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. चाळीस वर्षे कापडाच्या पेढीवर बसून गज आणि कात्री यांच्याच संगतीत आयुष्य गेले. तेव्हा ज्याच्यातले थोडेफार कळते त्याविषयीच बोलणे बरे, असे ठरवून मी कापडाचा एक तुकडा आपल्यासमोर ठेवतो. त्याची रुंदी एक वीत आणि चार बोटे, लांबी दीड हाताला थोडी कमी. दुकानाच्या भाषेत सांगायचे तर याला कटपीसच्या गठ्ठ्यातही जागा मिळणार नाही. आमच्या घरात मात्र तो चौथ्या पिढीत आला आहे.

हा तुकडा माझ्या आजीच्या आईने, म्हणजे माझ्या पणजीने, लग्नात नेसलेल्या पटोळ्याचा आहे. ते तिला मामाकडून आले होते. या गोष्टीला सव्वाशे वर्षे होत आली. आपल्या हुमड समाजाची घराणी गुजरात आणि वागड प्रांतातून निघून सोलापूर, फलटण, बारामती या भागांत केव्हाच स्थिरावली, बोलीही मराठी झाली. पण विवाहप्रसंगीच्या काही चालीरीती आणि काही वस्त्रे जुन्या मुलखाशी नाते सांगत राहिली. पटोळे हे त्यांपैकी एक.

तरुण मंडळींसाठी थोडे सविस्तर सांगतो. पटोळे, ज्याला बाजारात पटोला म्हणतात, ते पाटणचे. हे पाटण सातारा जिल्ह्यातले नव्हे, गुजरातमधले, सोलंकी राजांची राजधानी असलेले. आपल्या खिशातल्या शंभर रुपयांच्या नव्या जांभळट नोटेच्या मागे जी 'राणी की वाव' छापलेली आहे, ती याच पाटणची. परंपरा असे सांगते की बाराव्या शतकात राजा कुमारपाल पूजेच्या वेळी पटोळे परिधान करीत असे आणि ती वस्त्रे जालन्याहून येत. जालन्याचा राजा विक्रीस पाठविण्यापूर्वी ती स्वतः वापरतो, म्हणजे आपल्याला पूजेसाठी उष्टे वस्त्र मिळते, हे कळल्यावर कुमारपालाने साळवी विणकरांची सातशे कुटुंबे आणून पाटणमध्ये वसविली. कुमारपाल म्हणजे हेमचंद्राचार्यांचा शिष्य, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. पाटणचे साळवी आजही जैनधर्मीय आहेत. सातशे हा आकडा परंपरेचा आहे, तो हिशेबाच्या वहीतला नव्हे. पण जालना ते पाटण हा रस्ता या कथेत आहे आणि आपण महाराष्ट्रात बसून ती कथा ऐकतो आहोत, याचे मला विशेष वाटते. आज हे काम करणारी घराणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. २०१३ मध्ये पाटणच्या पटोळ्यास भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण मिळाले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

आता त्याचे वैशिष्ट्य. बहुतेक कापडांत नक्षी विणताना किंवा विणून झाल्यावर येते. छापील असेल तर ठशाने, नाहीतर भरतकामाने. पटोळ्यात नक्षी विणण्याच्या आधीच सुतावर असते. उभा ताणा आणि आडवा बाणा, दोन्हींचे रेशीम मोजून, ठरावीक जागी दोऱ्याने घट्ट बांधून, एकेका रंगात बुडवायचे. जेथे बांधले तेथे रंग लागत नाही. मग काही गाठी सोडायच्या, नव्या बांधायच्या, पुढच्या रंगात बुडवायचे. मंजिष्ठ, लाख, नीळ, हळद ही त्याची जुनी रंगसामग्री. असे सर्व झाल्यावर सूत मागावर चढते. माग एका बाजूस कललेला असतो, दोघे जण बसतात, आणि प्रत्येक आडवा धागा घातल्यावर त्याचा लाल ठिपका ताण्याच्या लाल ठिपक्यावर बरोबर बसला की नाही ते पाहून, सुईने सरकवून, जुळवून घ्यावा लागतो. दिवसाकाठी आठ-दहा इंच कापड होते. एका साडीस सर्व मिळून चार ते सहा महिने, कधी त्याहून अधिक. म्हणूनच रंग दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. या कापडास सुलट-उलट नाही. पटोळे फाटेल पण त्याची नक्षी विटणार नाही, अशा अर्थाची एक गुजराती म्हण आहे, आणि धंद्यातला माणूस म्हणून मी तिला बऱ्याच अंशी दुजोरा देतो. बऱ्याच अंशी का, ते पुढे येईलच.

ग्राहक नेहमी विचारतात म्हणून जाता जाता सांगतो. अस्सल पटोळ्यात फुलाची वा पानाची कड उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही दिशांना किंचित पसरलेली, पिसासारखी दिसते. एकाच दिशेला पसरलेली असेल तर एकाच बाजूचे सूत बांधून रंगविलेले आहे. राजकोटकडे असा माल पुष्कळ होतो, आणि तो वाईट नसतो, फक्त त्याची किंमत निराळी. कड अगदी सुरीने कापल्यासारखी स्वच्छ आणि मागची बाजू फिकट असेल तर ती छपाई. जुन्या तुकड्याचा धागा काढून जाळून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम, हे खरे. पण तेवढ्यासाठी ठेव्याचा धागा जाळण्याचे प्रयोजन नाही.

आमच्या तुकड्यावर नारीकुंजर नक्षी आहे. तांबड्या भूमीवर हत्ती, स्त्री, पोपट आणि फुले यांच्या ओळी. हिंदू आणि जैन घरांत माणसे, पशुपक्षी असलेली नक्षी आवडीची, तर व्होरा समाजात विवाहासाठी भौमितिक नक्षीचे पटोळे घेत. तिला व्होरागजी भात असेच नाव आहे. आमच्या तुकड्यात हत्तीचे मागचे दोन पाय, पाठीचा बाक आणि एक पूर्ण पोपट आहे. सोंड नाही. सोंडेच्या जागी कात्री चालली आहे.

ती कात्री पणजीनेच चालविली. तिला चार मुली. धाकटीचे लग्न ठरले तेव्हा हे पटोळे कोणी न्यायचे असा प्रश्न उभा राहिला. सोने तोळ्यांत वाटता येते, भांडी नगांत वाटता येतात. पटोळे तोपर्यंत घड्यांवर विरले होते, मधला भाग झिजला होता आणि नेसण्याजोगे राहिले नव्हते. आजी सांगत असे की तिच्या आईने कोणाला विचारले नाही, शिंप्याला बोलाविले नाही. शाबूत राहिलेला भाग सतरंजीवर पसरला, वितीने मोजला आणि त्याचे चार भाग केले. नंतर चौघींनी आपापल्या तुकड्याच्या कडा पांढऱ्या सुती दोऱ्याने दुमडून शिवल्या. कापडाचा व्यापारी म्हणून अखंड नक्षीवर कात्री फिरलेली पाहिली की माझा जीव आजही खालीवर होतो. पण चार बहिणींत शेवटपर्यंत अबोला आला नाही, हेही मला ठाऊक आहे.

त्या चार तुकड्यांचे पुढे काय झाले, ते मी गेल्या काही वर्षांत नातेवाइकांकडे जाऊन पाहिले. थोरल्या बहिणीच्या घरी तुकड्याचे टोपरे शिवले गेले. बारशाला प्रत्येक बाळाच्या डोक्यावर ते चढत असे. तीन पिढ्यांच्या डोक्यांवर फिरून ते विरून गेले; आता काही शिल्लक नाही. तो तुकडा वाया गेला असे मी म्हणणार नाही. दुसरीच्या घरी त्याला काचेची चौकट करून दिवाणखान्यात, पश्चिमेच्या खिडकीसमोर लावले. हेतू चांगला होता. काही वर्षांतच तांबडा रंग विटकरी झाला, आणि काचेला टेकलेल्या भागात रेशीम तडकू लागले. म्हण खरी असली तरी ती उन्हाचा हिशेब धरीत नाही. तिसरा आमच्या आजीचा. चौथा धाकटीने तिच्या सासरच्या गावातील मंदिरात दिला. तेथे तो एका हस्तलिखित पोथीच्या वेष्टनाला आतून लावलेला आहे.

त्या मंदिरात आम्ही आमचा तुकडा घेऊन गेलो होतो. तेथील ज्येष्ठ श्रावकांनी पोथी बाहेर काढली, वेष्टन उलगडले आणि दोन्ही तुकडे शेजारी ठेवले. कडा शिवणीत दुमडलेल्या असल्याने मधले बोटभर अंतर भरून येत नव्हते, पण पलीकडच्या तुकड्यावर सोंड होती. माझी पत्नी, माझी बहीण आणि त्या घरच्या दोन सुना बराच वेळ त्या बोटभर जागेकडे पाहत बसल्या होत्या. आम्ही पुरुष मंडळी बाहेर चहाला गेलो.

माझ्या सांगण्याचे मुख्य कारण पुढेच आहे. तुकड्याच्या पुडक्यात एक चिठ्ठी आहे. आजी मराठी चौथी शिकलेली. तिने बाळबोध अक्षरांत तीत लिहून ठेवले आहे की हे कापड कोणाचे, कोणाच्या लग्नातले, ते चौघी बहिणींत कसे वाटले. प्रत्येकीचे माहेरचे नाव, सासरी गेल्यावर बदललेले नाव आणि गाव. पणजीचे माहेरचे नावही त्यात आहे. या सुवर्णमहोत्सवासाठी वंशावळ भरण्याचा छापील अर्ज आला तेव्हा मी घरातली सर्व जुनी कागदपत्रे काढली. आजोबांच्या लग्नाच्या खर्चाची वही सापडली. त्यात तुपाचे डबे आहेत, मंडपाचे बांबू आहेत, वाजंत्र्यांची बिदागी आहे, बैलगाड्यांचे भाडे आहे. वराचे नाव तीन वेळा आहे. वधूचे नाव एकदाही नाही. पुरुषांची सहा पिढ्यांची नावे मला भराभर लिहिता आली. आजीच्या आईचे नाव मात्र कोणत्याही वहीत, दाखल्यात, देणगीच्या फलकावर मिळाले नाही. ते फक्त या पुडक्यातल्या चिठ्ठीत आहे.

आपल्यापैकी किती जणांना आपल्या पणजीचे, तेही आजीच्या आईचे, माहेरचे नाव सांगता येईल? मी हात वर करण्यास सांगत नाही. मला स्वतःला चिठ्ठीवाचून आले नसते. मुलगी सासरी गेली की तिचे नाव बदलले, आडनाव बदलले, गाव बदलले. माहेरच्या वंशावळीत ती उरली नाही आणि सासरच्या वंशावळीत 'पत्नी' या एका शब्दात मावली. तिच्याबरोबर जे काही गेले ते पेटीतून गेले. त्यामुळे तिची नोंद असेल तर ती पेटीतच असणार. समितीला मी ही गोष्ट सांगितली, आणि समितीने अर्जात 'मातेचे माहेरचे नाव व गाव' असा रकाना वाढविला, त्याबद्दल मी जाहीर आभार मानतो. रकाना भरणे मात्र आपल्या हाती आहे, आणि ज्यांना ही नावे ठाऊक आहेत त्या माता-भगिनी आज ऐंशीच्या पुढे आहेत.

आता एक अवघड प्रश्न, जो मला घरातच विचारला गेला. माझ्या नातीने विचारले, "आजोबा, आपण रेशीम वापरत नाही, मग हे का ठेवले आहे?" प्रश्न रास्त आहे. रेशमाचा धागा सलग मिळावा म्हणून कोशातील जीव बाहेर पडण्याआधीच कोश वाफवला वा उकळला जातो. एक किलो कच्च्या रेशमाला हजारो कोश लागतात. एके काळी रेशीम सोवळ्याचे मानून पूजेत वापरले जाई. राजा कुमारपालाची कथा त्याचीच साक्ष देते. गेल्या काही दशकांत अनेक साधुवर्गाने प्रवचनांतून रेशीमत्यागाचा आग्रह धरला आणि पुष्कळ घरांतून अभिषेकाचे धोती-दुपट्टे सुती झाले. माझ्या आईनेही असा नियम घेतला होता. तिने आपले शालू, पैठण्या देऊन टाकल्या. हा तुकडा तिने दिला नाही. तिचे म्हणणे असे होते की नियम नेसण्याचा आणि विकत घेण्याचा आहे. सासूबाईंनी हातात दिलेली वस्तू टाकण्याचा नियम तिने घेतलेला नाही. तो अंगावर घ्यायचा नाही, पूजेत न्यायचा नाही, त्यासारखा दुसरा घ्यायचा नाही, आणि जे जीव गेले त्यांच्या नावाने वर्षातून एकदा, तुकडा उन्हाळ्यानंतर उघडताना, णमोकार म्हणायचा. हा आमच्या घरचा तोडगा आहे. तो सर्वांना पटावा असा माझा आग्रह नाही. ज्यांच्या घरी अशी वस्तू मंदिरात देऊन टाकली किंवा विसर्जित केली त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. एवढीच विनंती की देण्यापूर्वी तिच्यामागची हकीकत लिहून घ्यावी.

बाजारात 'अहिंसा रेशीम' मिळते, त्याविषयीही विचारणा होते. आंध्र प्रदेशातील हातमाग अधिकारी कुसुमा राजय्या यांनी या पद्धतीचा पाठपुरावा केला, राष्ट्रपती आर. व्यंकटरमण यांच्या पत्नी जानकी व्यंकटरमण यांनी जीव न मारता केलेली साडी मिळेल का असे विचारल्यावरून त्यांच्या मनात हा विचार आला, असे ते सांगत. यात पतंग कोश फोडून बाहेर पडू दिला जातो. त्यामुळे धागा तुटतो आणि कापसासारखा कातावा लागतो, म्हणून त्याला चकाकी कमी. परंतु शेकडो पिढ्या पाळीव राहिलेल्या त्या पतंगाला धड उडता येत नाही, तो काही खात नाही आणि थोड्याच दिवसांत मरतो. त्याच्या अंड्यांचे पुढे काय होते हाही प्रश्न उरतोच. मी दुकानात हा माल ठेवतो, पण चौकशी करणाऱ्यास हेही सांगतो. त्याने विक्री कमी होते असा माझा मुलगा म्हणतो, आणि ते खरे आहे.

ज्यांच्या घरी जुने रेशीम वा जरीचे वस्त्र आहे त्यांच्यासाठी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. प्लॅस्टिकची पिशवी वापरू नये. आत दमट हवा कोंडते. चारदा धुतलेले, खळ आणि नीळ निघून गेलेले मऊ मलमल घ्यावे आणि त्यात गुंडाळावे. घडी शक्यतो घालू नये. सुती कापड लपेटलेल्या नळीवर गुंडाळून ठेवावे. घडी घालावीच लागली तर दर सहा महिन्यांनी ती निराळ्या जागी घालावी, कारण रेशीम प्रथम घडीवरच तुटते. डांबरगोळी कापडाला लागू देऊ नये. आमच्याकडे वाळविलेल्या कडुलिंबाच्या पाल्याची पुरचुंडी पेटीच्या कोपऱ्यात असते. पावसाळा संपला की एक दिवस सावलीत वारा द्यावा, उन्हात नव्हे. साबणाने धुण्याचा मोह टाळावा. अत्तर शिंपडू नये, टाचणी लावू नये. तिचा गंज कापडात उतरतो आणि जात नाही. आणि लॅमिनेशन तर कदापि करू नये. माझ्याकडे एक गृहस्थ आजीच्या शेल्याचा काठ लॅमिनेट करून घेऊन आले होते आणि तो पुन्हा सोडवून द्या म्हणत होते. तो सुटत नाही. चिठ्ठी लिहायची ती पेन्सिलीने, वेगळ्या कागदावर, आणि कापडाला चिकटवायची नाही. शाई दमटपणाने पसरते. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. कापडाचा एक आणि चिठ्ठीचा एक असे फोटो काढून दोन-तीन नातेवाइकांकडे पाठवून ठेवावेत.

पटोळ्याचे लहान तुकडेही जपणारे आपण एकटे नाही. शतकानुशतके गुजरातहून पटोळी समुद्रमार्गे इंडोनेशियाच्या बेटांवर जात, आणि तेथील कित्येक घराण्यांनी ती पिढ्यान्पिढ्या घरच्या ठेव्यासारखी सांभाळली. हत्तीची नक्षी असलेली काही जुनी पटोळी आज संग्रहालयांत दिसतात ती त्या बेटांवरूनच आलेली आहेत. ज्या देशात ती विणली गेली तेथे ती नेसून संपली, आणि दूरदेशी घडी करून ठेवली म्हणून राहिली.

एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने आमच्या तुकड्याला चांगली किंमत देऊ केली होती. त्याला चिठ्ठी नको होती, फक्त कापड हवे होते. व्यवहार झाला नाही.

हा तुकडा पुढे कोणाकडे जावा, यावर सध्या आमच्या घरात चर्चा चालू आहे. आजीला मुलगी नव्हती, म्हणून तो सुनेकडे, माझ्या आईकडे आला. आईकडून माझ्या पत्नीकडे. आता आम्हाला मुलगी आहे आणि सूनही आहे. पुन्हा कात्री लावण्याइतके कापड उरलेले नाही. दोघींनी मिळून असे सुचविले आहे की तो तीन वर्षे एकीकडे आणि तीन वर्षे दुसरीकडे राहावा, आणि चिठ्ठीच्या मागील कोऱ्या बाजूस पत्नीने आई, स्वतः, मुलगी आणि सून अशी चार नावे, प्रत्येकीच्या माहेरच्या नावासह, लिहावीत. पेन्सिल आणून ठेवली आहे. दसऱ्यानंतर पुडके उघडू, तेव्हा ती नावे लिहिली जातील.